औषध घ्यावे, पण डोळसपणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी नांदूरघाट येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वाढदिवसाच्या निमित्ताने काही तरी उपयोगाचे बोला, असा मंडळाचा निरोप आला. मी काही विदुषी नव्हे. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून माझी पुष्कळ वर्षे गेली. तेव्हा मला बोलता येण्याजोगे जे काही आहे, ते गोळ्या, सुया आणि बाटल्या यांच्याविषयीच. तेच आज आपल्यापुढे ठेवते.

आपल्या प्रत्येक घरात आता गोळ्यांचा एक डबा असतो. त्यात सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, सासऱ्यांची साखरेची, सुनेची थायरॉईडची, आणि सगळ्यांच्या मालकीची म्हणून एक अंगदुखीची पट्टी. मी या डब्याच्या विरुद्ध बोलायला उभी राहिलेली नाही. क्षयाने घरेच्या घरे बसत होती, तो रोग गोळ्यांनी बरा होतो. साखरेचा आणि रक्तदाबाचा माणूस गोळीच्या आधारावर नातवंडे पाहतो. हे उपकार थोडे नाहीत.

पण विळीने भाजी चिरते आणि बोटही कापते. म्हणून आपण विळी फेकून देत नाही, आणि डोळे मिटून चिरायलाही बसत नाही. औषधाचे तसेच आहे. जे औषध शरीरात काही काम करते, ते नको असलेले कामही थोडेबहुत करते. त्यालाच दुष्परिणाम म्हणतात. कुणाला तो होतो, कुणाला होत नाही. पण होतो आहे की नाही हे पाहावे तर लागतेच. गोळी गिळणे हे अर्धे औषध झाले. तिच्यावर नजर ठेवणे, वेळेवर रक्त-लघवी तपासणे, हे उरलेले अर्धे. आपण अर्धेच घेतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आता सगळ्यांत परिचयाच्या गोळीपासून आरंभ करू. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही नावे तुम्हांला पाठ नसतील. पण 'ठणक्याची गोळी द्या' म्हटले की यांतलीच एखादी हातात पडते. दुखण्याच्या जागी शरीर एक द्रव्य तयार करते, त्यामुळे ठणका आणि सूज येते. ही गोळी ते द्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून आराम पडतो. गंमत अशी की, तेच द्रव्य आपल्या जठराच्या अस्तराची राखण करते आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रक्ताची वाटही मोकळी ठेवते. गोळीला गुडघा कोणता आणि जठर कोणते हे कळत नाही. ती सगळीकडे सारखीच जाते. म्हणून रिकाम्या पोटी आणि रोज घेतली, तर जठरात व्रण पडतात, त्यातून रक्त झिरपते आणि शौचाला डांबरासारखे काळे होते. अंगात पाणी कमी असताना घेतली, तर मूत्रपिंडांवर ताण येतो. शिवाय रक्तदाबही ती वाढवते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटक असा मुक्काम. पहाटे फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीवर चढवायच्या, आणि मग कोपीवर येऊन चूल पेटवायची. एक दिवस पडून राहिले तर खाडा कापला जातो. तेव्हा त्या बाईला दुखणे परवडतच नाही. आडोसा नाही म्हणून ती पाणीही मोजूनच पिते. उन्हात घाम, पोटात पाणी नाही, आणि वर ठणक्याची गोळी. मूत्रपिंडांना याहून वाईट दिवस शोधून सापडायचे नाहीत.

एका वर्षी पट्टा पडल्यावर परत आलेली एक बाई मला आठवते. वय चाळिशीच्या आत. पायांवर सूज, चेहरा पांढराफटक, चार पायऱ्या चढली की धाप. सबंध हंगाम ती सकाळी एक आणि रात्री एक अशी ठणक्याची गोळी घेत होती. गोळी कुणी सांगितली, असे विचारले तर म्हणाली, टोळीतल्याच एकीने. तिला कुणी सांगितली, तर दुकानदाराने. डॉक्टरची चिठ्ठी कुणापाशीच नव्हती. शौचाला काळे होत होते का, म्हणून मी विचारले. ती म्हणाली, "व्हय बाई, म्हैनाभर. म्या म्हनलं, खान्यात काई आलं आसंल." रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सहावर उतरलेले, आणि क्रिएटिनिन वाढलेले. गोळी बंद केली, रक्त चढवले, पोटाचे औषध दिले, दर आठवड्याला तपासणी केली. मूत्रपिंडे बरीचशी सावरली, पण पूर्ववत झाली नाहीत. यात तिचा काय दोष? हंगामाच्या मध्यावर कुणी एक थेंब रक्त तपासले असते, तर हे सारे तेव्हाच कळले असते.

क्रिएटिनिन हा शब्द मात्र आपण सर्वांनी लक्षात ठेवावा. मूत्रपिंडे रक्तातला कचरा गाळून टाकतात. गाळणे मंदावले की हे द्रव्य रक्तात साचू लागते. मूत्रपिंडे दुखत नाहीत, ओरडत नाहीत. त्यांचे जवळजवळ निम्मे काम बंद पडेपर्यंत हा आकडासुद्धा पुष्कळदा फारसा हलत नाही. म्हणून 'मला काही होत नाही' या भरवशावर तपासणी टाळू नये.

तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आभाळातून गिधाडे उतरत. आता गिधाड दिसत नाही. भारतभरातली गिधाडे कशाने मेली याचा शोध लागला तो २००४ च्या सुमारास. आजारी जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मढ्याच्या मांसात उरत होते, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. सरकारने २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसाचे शरीर गिधाडासारखे नाही. एका गोळीने असे काही होत नसते, तेव्हा घाबरू नका. पण ज्या औषधाने एवढ्या मोठ्या पक्ष्याची जात संपत आली, ते चणे-फुटाण्यांसारखे खाण्याचे नव्हे, एवढे तरी ध्यानात राहावे.

मग दुखले तर करायचे काय? साध्या दुखण्याला आणि तापाला पॅरासिटामॉल बरे. तेही मोजून. निरोगी मोठ्या माणसाने दिवसभरात पाचशेच्या आठ गोळ्यांवर जाता कामा नये. वजन कमी असेल, कावीळ झालेली असेल किंवा दारूची सवय असेल, तर त्याहूनही कमी. जास्त झाले तर यकृत बिघडते. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही हेच औषध असते. म्हणून तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी अशा दोन घेतल्या की नकळत दुप्पट होते. ठणक्याची गोळी घ्यावीच लागली तर जेवणानंतर, भरपूर पाणी पिऊन, आणि दोन-तीन दिवसच. तेवढ्यात उतार पडला नाही तर गोळी न वाढवता डॉक्टर गाठावा. गरोदर बाईने तर ती मनाने घेऊच नये. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून लेकराला देऊ नये. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर २०११ सालापासून बंदी आहे.

आणखी एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बायकांच्या मंडळात नाही बोलायची तर कुठे? २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. ज्यांची बीजकोशही लवकर काढली गेली, त्यांची पाळी तर थांबतेच, पण हाडांना बळ देणारे संप्रेरकही अंगात कमी होते. मग कंबर धरते, पाठ धरते, आणि त्या पाठीसाठी पुन्हा तीच ठणक्याची गोळी! अशा बहिणींनी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की, माझे ऑपरेशन अमुक वर्षी झाले, बीजकोश ठेवले की काढले ते कागदावर पाहून सांगा. त्यांना कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी यांची गरज असू शकते. रोजच्या ठणक्याच्या गोळीने हाड भरून येत नाही.

आता घरच्या डब्यातल्या बाकीच्या गोळ्या पाहू.

रक्तदाबाच्या गोळ्या अनेक प्रकारच्या. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते. एनालाप्रिल, रामिप्रिल यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. तो खोकल्याच्या बाटलीने जात नाही, गोळी बदलल्यावर जातो. या गोळ्या किंवा टेल्मिसार्टन सुरू केल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहावे, पुढे निदान वर्षातून एकदा. रक्तदाबाची अशी गोळी, लघवी जास्त होण्याची गोळी आणि ठणक्याची गोळी ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडांना धोका वाढतो. आणि या औषधांवर असताना दिवस राहिले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे; पोटातल्या बाळाला ती चालत नाहीत.

साखरेसाठी मेटफॉर्मिन पुष्कळ जणी घेतात. आरंभी पोट बिघडते, जेवणाबरोबर घेतल्यास त्रास कमी होतो. वर्षानुवर्षे घेतल्यावर अंगातले बी-बारा जीवनसत्त्व कमी होऊ शकते. माळकरी घरात मांस-अंडे नाही, तिथे ते आधीच बेताचे असते. पायांना मुंग्या येतात, चालताना जमीन कापसासारखी लागते, तर 'वय झाले' म्हणून गप्प बसू नये. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांची गोष्ट निराळी. ती गोळी घेतली आणि जेवण चुकले, की साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे असंबद्ध होते. एकादशीला, हरितालिकेला, नवरात्रात आपण हेच करतो. उपवास पोटाचा, पण गोळी मात्र नेमाने! उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळी किती आणि केव्हा. अंग कापू लागले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि नंतर काही खावे. देव त्याने रागावत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए-वन-सी तपासणी आरंभी दर तीन महिन्यांनी, साखर बसल्यावर सहा महिन्यांनी. आणि वर्षातून एकदा डोळे, लघवीतले प्रथिन व क्रिएटिनिन.

थायरॉईडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर, नाहीतर ती अंगी लागत नाही. गोळीचे प्रमाण बदलले की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावे.

लोहाच्या गोळीनेही शौचाला काळे होते, पण त्यात धोका नाही. चिकट, डांबरासारखे, उग्र वासाचे झाले आणि बरोबर थकवा असला तर तो रक्तस्राव समजावा. लोह चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावे.

क्षयाच्या गोळ्यांनी लघवी लालसर होते. ते रिफॅम्पिसिनचा रंग म्हणून, रक्त नव्हे. पुष्कळ जणी घाबरून त्याच दिवशी उपचार सोडतात, हे फार वाईट. मात्र डोळे पिवळे दिसले, जेवणावरची वासना उडाली, ओकाऱ्या होऊ लागल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. यकृत तपासावे लागते. इथॅम्ब्युटॉलने क्वचित नजर मंदावते, लाल-हिरवा ओळखू येत नाही. तेही लगेच सांगावे. आणि हे तर कुणी सांगतच नाही: रिफॅम्पिसिन चालू असताना पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. दुसरा उपाय विचारून घ्यावा.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिले असेल तर ते बहुधा आठवड्यातून एकदाच असते. ठरलेला वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. रक्तपेशी आणि यकृत यांची तपासणी त्याबरोबर हवीच. आणि स्टेरॉईड फार दिवस चालू असेल तर ते एकदम तोडू नये. डॉक्टर सांगतील तसे कमी करीत न्यावे.

हे सर्व ऐकून घरी जाऊन कुणी डबा उकिरड्यावर टाकू नका! गोळी मनाने सुरू करणे जितके वाईट, तितकेच मनाने बंद करणेही. रक्तदाबाची गोळी सोडली की पक्षाघाताची भीती वाढते. त्रास वाटला तर जाऊन सांगायचे. सांगितल्यावर डॉक्टर प्रमाण कमी करतात किंवा औषध बदलतात.

सांगण्याला किती किंमत आहे, ते एका गोष्टीवरून कळेल. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी निघाली. अगदी निर्धोक म्हणून ती गरोदर बायकांनाही मळमळीवर देत. मग हातपाय अपुरे असलेली बाळे जन्माला येऊ लागली. डॉ. लेंझ नावाच्या डॉक्टरांनी अशा आयांना एकेक करून विचारले, गरोदरपणी काय काय घेतले होते? त्या आयांच्या आठवणीतून गोळीचे नाव पुढे आले, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात ती बाजारातून काढली गेली. जगात दहा हजारांहून अधिक बाळे अशी जन्मली. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या बाईंनी, पुरावा पुरेसा नाही, असे म्हणत परवानगी रोखून धरली होती. एका बाईच्या प्रश्नाने तिकडच्या पुष्कळ घरांवरचे संकट टळले.

आपल्या देशातही अशी नोंद घेण्याची व्यवस्था २०१० सालापासून आहे. कोणत्याही औषधाचा त्रास झाल्यास १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर पैसे न लागता कळवता येतो. दवाखान्यातल्या डॉक्टर-परिचारिकांना सांगितले तरी चालते.

आता मंडळापुढे माझ्या तीन मागण्या.

पहिली, प्रत्येक घरात औषधांची एक वही. कोणती गोळी, कधीपासून, कोणत्या दुखण्यासाठी, कोणती गोळी सोसत नाही, आणि तपासणीचे आकडे तारखेसह. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वही शाळेतली मुलगी लिहील. डॉक्टरकडे जाताना वही आणि रिकाम्या पट्ट्या बरोबर न्याव्यात. 'पांढरी गोल गोळी' एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

दुसरी, गोळी उसनी देणे बंद. साडी उसनी द्यावी, वाटीभर साखर द्यावी; गोळी देऊ नये. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की समजावे, हे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घेण्याचे औषध नाही. आणि चिठ्ठी हातात आली की धिटाईने चार प्रश्न विचारावेत: ही गोळी कशासाठी? किती दिवस? काय त्रास झाला तर थांबवू? कोणती तपासणी, आणि केव्हा?

तिसरी आणि मुख्य. टोळ्या निघण्याआधी मंडळाने एक दिवस ठरवावा. जाणाऱ्या बायकांना आशाताईंच्या मदतीने सरकारी दवाखान्यात न्यावे. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन एवढे पाहून घ्यावे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार व तपासण्या निःशुल्क केल्या आहेत, त्याचा लाभ आपण नाही घ्यायचा तर कुणी? चालू औषधे हंगामभर पुरतील अशी सोय विचारावी आणि वही कपड्यांच्या गाठोड्यात घालून द्यावी. हंगामाच्या मध्यावर फोन करून एवढेच विचारावे: शौचाला काळे होते का, लघवी कमी झाली का, पायांवर सूज आहे का? यांतले काही असेल तर जवळचा सरकारी दवाखाना. ओठ-जीभ सुजली, दम कोंडला, अंगभर पुरळ उठून तोंड आले, तर वेळ न दवडता १०८ ची गाडी.

परतल्यावर पुन्हा तीच तपासणी करून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. मंडळ किती बायकांचे आकडे असे जपते, याचा हिशेब पुढच्या वर्धापनदिनी चिटणीसबाईंनी वाचून दाखवावा. त्या हिशेबात आपल्या गावची एकही बाई गोळीपायी खंगलेली नसावी, एवढी इच्छा व्यक्त करते आणि आपली रजा घेते.